‘जावा’ म्हणायचा मान

बाबा,

तुमच्या पठ्ठ्याला, आपल्या मिस्त्रीला, आता नीट ऐकू येत नाही. ठार बहिरा झालेला नाही. हाक मारली की वळतो, हॉर्न वाजला की बाजूला होतो, भजनात तर अजूनही सगळ्यांच्या वरचा सूर लावतो. पण बारीक आवाज गेलेत. कुकरची शिट्टी कळते, शिट्टीच्या आधीची फुसफुस कळत नाही. ज्या कानाचे तुम्ही चारचौघांत गोडवे गायचात तो कान गेला, बाबा, आणि हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. असलं सांगायला दुसरं माणूस मला सुचलं नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. रागावलात तरी आवाज इथवर यायचा नाही.

गॅरेज आहे तिथेच आहे. मागची चाळ पडली, तिथे टॉवर उभा राहिला, आपली शेड तेवढी तशीच: दोन गाड्या आत, तिसरी गल्लीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या शिव्या खात. तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी फोर्टातली नोकरी सोडून चार महिन्यांसाठी म्हणून इथे टेबलाशी येऊन बसले, ती अजून बसलेय. डोकं पांढरं झालं. गाड्या तर तुम्हाला ओळखूच येणार नाहीत. काळ्या-पिवळ्या टॅक्स्या, कार्ब्युरेटर, पॉलिश पेपरने पॉइंट घासणं, सगळं गेलं. आताच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, एक सॉकेट असतं. त्यात काड्यापेटीएवढी डबी खोचायची. वायर नाही, काही नाही. ती डबी माझ्या मोबाइलशी बोलते आणि इंजिन चालू असताना आत काय चाललंय ते मला जिथल्या तिथे आकड्यांत दिसतं: फेरे किती, पाणी किती तापलंय, पेट्रोल जास्त जातंय का, कुठल्या सिलेंडरमध्ये ठिणगी चुकतेय. बॉनेटसुद्धा उघडावं लागत नाही. आम्ही तिला नुसतं रीडर म्हणतो. तुम्ही असता तर आधी तिला एक सणसणीत शिवी हासडली असती आणि मग दिवसभर तीच हातात धरून बसला असता.

तुमच्या कानाचा आपल्या घरात धाक होता. आई ओट्याशी उभी, तुम्ही खाटेवर पेपर उघडून बसलेले, आणि पेपरातून डोकं वर न काढता तुम्ही म्हणता, “कुकराचो गॅस्केट गेलो तुझ्या.” आई म्हणते, काही गेला नाही, मागच्या महिन्यात तर घातलाय. दुसऱ्या दिवशी डाळ कच्ची राहते. मिक्सर लावला की तुम्ही त्याचा बुश कितपत झिजलाय ते सांगायचात. शेजारच्या बिऱ्हाडातला पंखा कुरकुरला तर भिंतीच्या अलीकडून त्याचं दुखणं सांगायचात. आईचं एक ठरलेलं वाक्य होतं: “सगळ्या जगाचा आयकतास, माझा तेवढा तुमका आयकाक येना नाय.” आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचे, कारण माझंही तेच म्हणणं होतं.

आणि गणपतीच्या आधीचे ते पंधरा दिवस. लालबाग, परळ, पार गिरगावातून माणसं गाड्या घेऊन यायची. गावाला निघायची गाडी आधी आपल्या दारात. तुम्ही तो हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचात, पातं चालू इंजिनाला टेकवायचात, लाकडी मूठ कानाला लावायचात आणि डोळे मिटायचात. गल्ली गप्प. चार-पाच ठिकाणी टेकवून झालं की डोळे उघडायचे आणि तोंडातून एकच शब्द: “जावा.” नाहीतर, “रवा.” जावा म्हटलं की तिथल्या तिथे चाकासमोर नारळ फुटायचा आणि माणसं निघायची. रवा म्हटलं की गाडी तिथेच थांबायची आणि घरी तयार बसलेल्या बायकांना निरोप जायचा की आज काही खरं नाही. लोक ह्याला कान लावणं म्हणायचे, अजूनही म्हणतात. कान लावायचे तुम्ही कधी काही घेतलं नाहीत. त्याचा मानच एवढा होता की वर आणखी काही घेणं तुम्हाला कमीपणाचं वाटलं असणार.

तो मान मला हवा होता. नुसती लेक म्हणून मिळणारा नव्हे, तो शब्द उच्चारायचा मान. दहावीची परीक्षा संपली आणि मी तुमच्या मागे लागले, मलाही शिकवा. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, हे मी तुमच्या बाजूने लिहून ठेवते. “ये,” म्हणालात. एक टॅक्सी उभी होती, टॅक्सीवाला बॉनेटशी चहा पीत होता. तुम्ही पातं टेकवलंत, मूठ माझ्या कानाला लावलीत. “काय आयकाक येता?” मला सगळंच एकदम ऐकू येत होतं. धडधड, घरघर, गल्लीतला कल्हईवाला, माझं स्वतःचं काळीज. काय सांगावं सुचेना. मी म्हटलं, “आवाज.”

टॅक्सीवाल्याला चहाचा ग्लास खाली ठेवावा लागला, इतका तो हसला. तुम्हीही हसलात. तेवढं मी विसरले असते. पण तुम्ही माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतलात आणि मागे उभ्या असलेल्या तुमच्या ह्या पठ्ठ्याला दिलात. “झिला, तू आयक.” गावाहून येऊन त्याला दोन वर्षंही झाली नव्हती, एकोणीस वर्षांचा, नुकत्या फुटलेल्या मिशा. त्याने तुमच्यासारखेच डोळे मिटले. “काका, दुसऱ्या सिलेंडरचो टॅपेट सैल झालो हा.” तुम्ही त्याच्या मानेवर हात ठेवलात, असा अख्खा पंजा, आणि मान जराशी हलवलीत. आणि मला म्हणालात, “बाय, आयकणाऱ्याक कान व्हयो. तू नंबर लिहून घे.” तुमच्या मनात वाईट काही नव्हतं. तुम्ही खरं तेच बोललात. लोकांच्यात आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असतं, आमच्या घरात ती म्हण उलटी चालायची एवढंच.

त्याच वर्षीचा दसरा. हत्यारांची पूजा माझ्याकडे असायची: पाने, जॅक, पक्कड सगळं रॉकेलने पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं घालायची. पूजा झाली आणि तुम्ही पाटावरचा तो लांब स्क्रूड्रायव्हर उचललात, कपाळाला लावलात आणि त्याच्या हातात ठेवलात. कायमचा. मला एक जाड पुठ्ठ्याची वही दिलीत, गाड्यांचे नंबर लिहायला. वही चांगली होती. मी ती आधाशासारखी भरून काढली, अक्षर मुद्दाम सुबक काढलं, की कधीतरी तुम्ही उघडून बघाल आणि काही म्हणाल. तुम्ही ती उघडायचात फक्त कुणाची गाडी मागे कधी आली होती ते बघायला.

आणि परळचं ते हॉस्पिटल. सहा आठवडे मी तुमच्या उशाशी होते. अंग पुसायला मी, डबा आणायला मी, डॉक्टरांच्या मागे धावायला मी. तुमचं बोलणं जवळपास थांबलं होतं. एका सकाळी औषधांची ट्रॉली वॉर्डातून गेली आणि तुमचा चेहरा कसनुसा झाला. मला वाटलं दुखतंय, मी नर्सला हाक मारायला उठले. तुम्ही मान हलवलीत, आणि संध्याकाळी तो भेटायला आला तेव्हा त्याला खुणेने जवळ बोलावून त्याच्या कानात सांगितलंत, ट्रॉलीचं मागचं चाक कोरडं झालंय, तेल सोड. तो दुसऱ्या दिवशी खरोखर तेलाची बुधली घेऊन आला. अख्ख्या वॉर्डासमोर उकिडवा बसून त्याने त्या ट्रॉलीला तेल घातलं, पेशंट हसले, नर्स हसल्या, तुम्हीही किती दिवसांनी हसलात. मी उशाशीच बसले होते, बाबा. बुधली मलाही आणता आली असती.

तर मला त्याचा हेवा वाटतो. वाटायचा असं नव्हे, वाटतो. पोटात एक ठरलेली जागा आहे, तिथे दुखतं. तो जर लबाड असता, तोंडाळ असता, दारू प्यायला असता तर माझं सोपं झालं असतं. चार नावं ठेवून मोकळी झाले असते. पण मेला चांगला आहे. तुमच्यानंतर दुसरीकडे कितीतरी मोठ्या वर्कशॉपने बोलावलं, गेला नाही. मला आजवर कधी “तुका काय कळता” म्हणाला नाही. गणपतीच्या आधी तुमच्या जागेवर उभा राहून तुमच्यासारखेच डोळे मिटून तो “जावा” म्हणतो, आणि लोक त्याच्या पाया पडायचे तेवढे बाकी ठेवतात. मी तिथे तीन फुटांवर उभी असते. मला विचारतात, ताई, टॉयलेट कुठे आहे.

म्हणूनच मी रीडर आणला. ऑपेरा हाउसच्या आमच्या स्पेअर पार्टवाल्याने दाखवला आणि मी तिथेच उभ्या उभ्या घेतला. धंद्याला लागतो, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि लागतोही. पण मी महिनाभर दुपारी शेडमध्ये एकटी बसून एकेक आकडा शिकले तो धंद्यासाठी नव्हे. ज्या कानावरून मला उठवलंत त्याच्या नाकावर टिच्चून मला एकदा बरोबर ठरायचं होतं. पहिल्याच आठवड्यात मी एका गाडीचं सांगितलं, तिसऱ्या सिलेंडरची ठिणगी चुकतेय. त्याने स्क्रूड्रायव्हर लावला, ऐकलं, आणि मान डोलावली. “बरोबर सांगता तुझो मोबाईल.” बस. ना कपाळाला आठी, ना तोंड वाकडं. मला त्याच्या तोंडावर निदान थोडं तरी जळलेलं दिसायला हवं होतं.

त्यानंतर आमची एक रीत पडत गेली. गाडी आली की मी डाव्या दाराशी मोबाइल घेऊन उभी राहायची, तो बॉनेटवर वाकायचा. हल्ली हल्ली त्याने एक नवीन सवय लावून घेतली होती. ऐकताना डोळे मिटायचा नाही. मूठ कानाला, आणि नजर थेट माझ्या तोंडाकडे. ऐकून झालं तरी दोन क्षण माझ्याकडे बघायचा आणि मग निकाल द्यायचा. माझा जळफळाट व्हायचा. मला वाटायचं, दाखवतोय मला. बघ, तुझ्या बापाने मला काय दिलंय. एवढ्या वर्षांनी का होईना, ह्याच्या चांगुलपणाला चीर गेलेली मला सापडली असं वाटून मी जरा खूशही झाले होते.

आता यंदाचं सांगते. गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी लालबागचे भाऊ आले. तुम्ही त्यांच्या वडिलांना ओळखायचात, गिरणीच्या गेटावर तुमच्याबरोबर चहा प्यायचे ते. भाऊ स्वतः आता साठीचे. गाडीत पुढे त्यांची पंच्याऐंशीची आई, मागे वहिनी आणि थोरला मुलगा, मुलाच्या मांडीवर परळच्या कारखान्यातून नुकताच उचललेला गणपती, तोंडावर रुमाल झाकलेला. दरवर्षी ते इथूनच मूर्ती घेऊन गावाला जातात. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तिथे प्राणप्रतिष्ठा व्हायची होती.

“मिस्त्री, कान लावा जरा,” भाऊ म्हणाले. “लगेच निघायचंय, हायवेला आताच लाइन लागलीय म्हणे.”

मी डबी खोचली, मोबाइल धरला. त्याने स्क्रूड्रायव्हर काढला. इंजिन चालू. पाण्याचं तापमान चौऱ्याण्णव, ठीक. शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, पंखा लागला. पंखा लागला की आकडा उतरायला हवा. उतरला नाही. एकशे एक. त्याने हाताने ॲक्सिलरेटर वाढवला, एकशे चार. आणि मला पहिल्यांदाच, माझ्या ह्या बिनकामाच्या कानांनी, पुढच्या बाजूला एक बारीक किनरी किंकाळी ऐकू आली. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. पंप जेमतेम फिरत होता. त्याने नेमकं तिथेच पातं टेकवलेलं. मूठ कानाला. आणि चेहऱ्यावर काही नाही. मला कळलं, बाबा. त्याच क्षणी लख्ख कळलं की ह्याला हे ऐकू येत नाहीये. एकशे सात. एकशे नऊ.

मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात वहिनींनी खिडकीतून हात बाहेर काढला, हातात रिकामी बाटली. “ताई, एवढी भरून द्याल का हो? आणि मिस्त्रींना विचारा ना, निघू का आम्ही.”

मी मिस्त्रींना विचारायचं. मोबाइल माझ्या हातात, आकडा माझ्या हातात, आणि मी पाणी भरून मिस्त्रींना विचारायचं. मी स्क्रीन बंद केली. मोबाइल खिशात टाकला, डबी काढून घेतली, बाटली घेतली. त्याने माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं, दोन क्षण. मी हसले.

“जावा,” तो म्हणाला.

मी काय मनात धरलं होतं तेही सांगते, म्हणजे काही लपवलं असं व्हायला नको. मला वाटलं, लाइनीत उभं राहून गाडी पनवेलच्या आतच तापणार, वाफा सोडणार, तासा-दोन तासांत भाऊ तणतणत परत येणार. गल्लीसमोर त्याची फजिती होईल, मी मोबाइल काढीन, पंप बदलू, संध्याकाळी पुन्हा निघतील. कुणाचं काही वाईट न होता फक्त तो चुकेल. एवढंच मागत होते मी. नारळ फुटला, खोबऱ्याचा तुकडा मलाही दिला, मी खाल्ला.

पण त्या दिवशी हायवेला म्हणे लाइनच नव्हती. गाडी पळत राहिली की वाऱ्याने पाणी गार राहतं, हे मला ठाऊक होतं, आणि मी ते हिशेबात धरलं नव्हतं. गाडी पनवेल सोडून गेली, वडखळ सोडून गेली, आणि चढणीला, घाटात, जिथे वारा नाही आणि इंजिन ओढतंय, तिथे बसली. दुपारी फोन आला तो त्याला. मी टेबलाशी बसून एका बाजूचं बोलणं ऐकत होते. “म्हातारी बरी आसा मां? सावलीत बसवा तिका. आणि गणपती?” गणपती सुखरूप होता. म्हातारी रस्त्याच्या कडेला सामानाच्या पिशवीवर बसली होती. मोबाइल खाली ठेवून तो उठला. पाण्याचा पंप, हेड गॅस्केट, पाने पिशवीत भरले आणि निघाला, एसटीने. तुमच्या पठ्ठ्याच्या स्वतःच्या घरी गणपती बसायचा होता दुसऱ्या दिवशी, बाबा. तो दीड दिवसाचा असतो. मिस्त्रीबाई, त्याची बायको, दारात आली आणि म्हणाली, “उद्या पूजा कोण करतला?” तो म्हणाला, जावयाला सांग. मी म्हटलं, मी येते बरोबर. “तू येवन काय करतलंस,” तो म्हणाला, आणि हे अगदी मायेने म्हणाला.

त्याने रात्रभर रस्त्यावर बसून गाडी चालू केली, तरी भाऊंचा गणपती यंदा दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना बसला. त्यांच्या घरात असं कधी झालं नव्हतं. म्हातारीला दोन दिवस ताप होता, मग उतरला. हे सगळं मला भाऊंकडूनच कळलं, विसर्जन करून मुंबईत परतल्यावर ते आले तेव्हा. मी धरून चालले होते की भांडण होईल. ते ओरडले नाहीत. शेडच्या तोंडाशी उभे राहून एवढंच म्हणाले, “मिस्त्री, तुम्ही जावा म्हणालात म्हणून गेलो.”

त्याने हातातला पाना खाली ठेवला. “चूक माझी झाली, भाऊ. माका आयकाक नाय इला. ह्या फुडे मी कान लावूचंय नाय.” चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर म्हणाला. ही ती फजिती, जिची मी सदतीस वर्षं वाट बघितली. आणि त्यातही मला काय वाटलं सांगू? हेवा. चूक झाली म्हणून एवढ्या सहज म्हणता येतं ह्याचा. भाऊच उलट गडबडले, त्याच्या पाठीवर हात ठेवून चहा मागवायला लागले.

ते गेल्यावर मी त्याला विचारलं, “कधीपासून ऐकू येत नाही?”

“दोन वर्सां झाली,” तो म्हणाला. “बारीक काय ता येनाच नाय.”

“मग दोन वर्षं गाड्या कशा सोडल्यात? एकही चुकली नाही.”

तो हसला. “तुझ्या जिवार. मी नुसतो स्क्रूड्रायव्हर कानाक लावतंय आणि तुझ्या तोंडाकडे बघतंय. तू मोबाईलात बघून कपाळाक आठी घातलंस की माका समाजता, आत कायतरी आसा. तू गप रवलंस की मी जावा म्हणतंय. तुका सांगूक लाज वाटली गे. काकांनी कान दिल्यानी, तो मी घालवलंय, असा कसा सांगतलंय.”

दोन वर्षं, बाबा. दोन वर्षं अख्ख्या लालबाग-परळच्या गाड्या माझ्या शब्दावर गावाला जात होत्या. ज्याच्यासाठी मी त्याच्यावर जळले ते सगळं त्याने कधीच माझ्या हवाली केलं होतं, फक्त सांगितलं नव्हतं. ज्या बघण्याला मी तोरा समजले ते विचारणं होतं. आणि भाऊंच्या गाडीच्या वेळी त्याने मला तसंच विचारलं, आणि मी हसून उत्तर दिलं. जावा तो म्हणाला नाही. मी म्हणाले.

“त्या दिवशी मोबाईलाक पण कळाक नाय,” तोच पुढे म्हणाला, माझा पडलेला चेहरा बघून. “यंत्र आसा, चुकतला कधीतरी. तू जीवाक लावून घेव नको.”

मी म्हटलं, “हो. दिसलं नाही.”

आता कान लावायला येणाऱ्यांना तो स्टुलावरून सांगतो, तिका इचारा. लोक मला विचारतात. पहिले काही दिवस माझ्याकडे संशयाने बघायचे, आता सवय झाली. परवाच एक बाई देवदर्शनाला निघालेली गाडी घेऊन आली आणि म्हणाली, ताई, तुम्ही सांगाल तरच निघते. मी सगळे आकडे तीन-तीनदा बघते. मग म्हणते, जावा. शब्द तोंडातून नीट बाहेर पडतो. त्या दिवशीचे आकडे रीडरने मोबाइलमध्ये साठवून ठेवलेत, ते पुसायला एक बोट पुरे आहे, पण मी पुसलेले नाहीत. तो मोबाइल हातात घेऊन असलं काही उघडून बघणार नाही हे मला माहीत आहे.

हे पत्र तुमच्या नावाने लिहिलं, पण कळायला हवं ते त्याला. तो इथून दहा पावलांवर बसलाय, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, प्लग पुसत. उठून सांगायला मिनिटसुद्धा लागणार नाही. घाबरते म्हणून सांगत नाही असं नाही. तो चिडणार नाही, तोंड फिरवणार नाही, मला पक्कं माहीत आहे. ऐकून घेईल, आणि “जावंदे गे” म्हणून तिथल्या तिथे मला माफ करून टाकील. आणि एवढं मोठेपण मी त्याला आणखी मिळू द्यायला अजून तयार नाही.